तीन हाका

"एकदाच हाक मारा की हो. आम्ही काय बहिरे आहोत?"

"आजोबा, हा डोळ्यांचा दवाखाना आहे. कानांचा पलीकडे," नावं पुकारणाऱ्या बाई म्हणाल्या. बाकावरचे चौघे-पाचजण हसले. म्हातारबाबाही हसले आणि काठी टेकत आत गेले. बाईंना मात्र हसायचंही त्राण नव्हतं. साडेअकराच वाजले होते आणि घसा बसायला आला होता.

सत्तावीस वर्षं त्या या बोळकांडीत उभं राहून पेशंटची नावं पुकारत होत्या. सगळे त्यांना हाकवाल्या बाईच म्हणत. कामाची पद्धत ठरलेली. खिडकीवरून केसपेपरचा गठ्ठा यायचा, वरचा पेपर घ्यायचा, नाव तीनदा पुकारायचं. कुणी उठलं नाही तर पेपर गठ्ठ्याच्या तळाशी. दवाखाना बंद करताना तळातले पेपर शेवटचे एकदा पुकारायचे आणि मग कपाटात ठेवायचे. उद्या-परवा माणूस उगवलंच, तर पेपर सापडायला हवा.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "आई, संध्याकाळी येताना नावाची चिठ्ठी आण हं. सासूबाईंची झाली, यांची झाली, माझीही झाली. डब्यात फक्त तुझीच राहिलीय."

"बघते."

"बघते काय? उद्या फॉर्म भरायचाय. वीस दिवस झाले, पोरीला नुसतं 'अगं ए' करतोय आम्ही. आणि तुला काय गं, रोज शे-दीडशे नावं तुझ्या तोंडात!"

तीच तर पंचाईत होती. कुठलंही नाव आठवलं की त्यामागे कुणीतरी डोळे पुसत उभं राहायचं. हे नाव मोतीबिंदूवाल्या मावशींचं, ते त्या भांडकुदळ मास्तरणीचं. एकच नाव कोरं राहिलं होतं. ते बाईंनी कधी कुणासाठी पुकारलं नव्हतं. त्या नावाचा पेशंटच कधी आला नाही, आणि दर सकाळी गठ्ठा चाळताना त्यांना त्याचं बरंच वाटायचं.

पस्तीस वर्षांपूर्वी त्यांना पहिली मुलगी झाली होती. नऊ दिवस जगली, नऊही दिवस काचेच्या पेटीत. घरी नेल्यावर नाव ठेवू, असं सगळे म्हणाले. बाईंनी मनात कधीच ठेवलं होतं. पण घरी नेणं झालंच नाही आणि दाखल्यावर नावाच्या जागी आडवी रेघ आली. नाव कुणाला सांगायचं राहून गेलं, नवऱ्यालाही. तो गेला तेही ठाऊक नसतानाच.

आता हे नाव नातीला द्यावं, म्हणजे ते एकदाचं वापरात येईल, असं बाईंना गेले वीस दिवस सारखं वाटत होतं. चहाच्या सुट्टीत त्यांनी समोरचाच एक कोरा केसपेपर ओढला आणि नावाच्या जागी ते लिहिलं. अक्षर चांगलं आलं. पेपर बाजूला ठेवून त्या कप विसळायला गेल्या. परतल्या तोवर खिडकीवरच्या माणसाने टेबलावर नवा गठ्ठा टाकला होता. गर्दी वाढली होती, डॉक्टरीणबाई आतून "पुढचा, पुढचा" करत होत्या. बाईंनी टेबलावरचं सगळं गोळा केलं आणि पुकारायला सुरुवात केली.

सातवा पेपर त्यांनी न बघताच पुकारला. हाताला जसं काम, तसं तोंडाला काम. नाव बोळकांडीभर घुमलं आणि मग त्यांच्या कानावर आलं.

पेपर त्यांच्याच अक्षरातला होता. तो बाजूला ठेवून पुढचा घेता आला असता. पण बाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली, मुद्दाम, नीट, सगळा घसा लावून. मग तिसऱ्यांदा.

बाकावरून एक बाई उठली. पस्तिशीची असेल. बाई एक पाऊल पुढे सरकल्या.

"अहो, माझा नंबर कितवा?" तिने विचारलं.

"बसा. येईल," बाई कशाबशा म्हणाल्या.

"कोणी नाही का? पुढचा घ्या!" आतून आवाज आला. बाईंनी पेपर तळाशी सरकवला.

दोन वाजता बोळकांडी रिकामी झाली. तळातले चार पेपर उरले होते. तीन त्यांनी नेहमीसारखे पुकारले. चौथाही पुकारला. त्यांना फार रडू आलं आणि त्याच वेळी एक गोष्ट स्वच्छ कळली. हे नाव जिचं होतं, तिचंच होतं. ते दुसरीला देणं म्हणजे तिची तेवढीही वस्तू काढून घेणं. बाईंनी कपाट उघडलं, अक्षराप्रमाणे खण शोधला, दोन पेशंटच्या मध्ये तो पेपर सरळ लावला आणि किल्ली फिरवली.

संध्याकाळी लेकीने डबा उघडला. सासूबाई उत्सुकतेने पुढे सरकल्या. सगळ्यात आधी आईची चिठ्ठी उलगडली गेली.

"आई, ही तर कोरीच आहे!"

"नाव तुम्ही ठेवा. हाका मारायचं काम माझं."

"रुसलीस का?"

"नाही गं. दमलेय."

लेकीने पुढची चिठ्ठी उलगडली. बरीच चर्चा झाली, जावयाने दोनदा पक्ष बदलला आणि शेवटी लेकीच्या चिठ्ठीतलं नाव ठरलं. नाव साधंच होतं. त्या नावाच्या निदान पंधराजणी बाईंच्या हाकेला उठून आत गेल्या असतील, चष्म्याचा नंबर घेऊन घरी गेल्या असतील.

"घे, तूच पहिली हाक मार," लेक म्हणाली आणि तिने बाळ आईच्या मांडीवर दिलं.

आवाज तर पार गेला होता. बाईंनी वाकून बाळाच्या कानाशी, कुजबुजल्यासारखं, नाव घेतलं. पोरीच्या कपाळाला बारीक आठी पडली, एक डोळा उघडला.

दुसऱ्यांदा पुकारावं लागलं नाही.