केंपलीवाली

आमच्या बायकांच्या गॅमेलान पथकात, म्हणजे काशाचे टोल, धातूच्या पट्ट्या आणि ढोल यांच्या ताफ्यात, जिचा हात जड, तिला केंपली मिळते. पातेल्याएवढा काशाचा टोल पुढ्यात घ्यायचा आणि काठीनं एकसारखा ठोकत बसायचं. टुक, टुक, टुक. मला ती अकरा वर्षांपूर्वी मिळाली आणि तशीच चिकटली. गावात मला मेन कासिह म्हणतात, म्हणजे कासिहची आई. तालमीत मात्र नुसतं टुकटुक.

ढोल देसाक राईचा. तिचा ढोल पळाला की आम्ही चोवीसजणी पळायचं, तो रेंगाळला की रेंगाळायचं. यंदा तिच्या डोक्यात क्लबात नाचायला लावतात ते टेक्नो शिरलं, तेही आपल्याच वाद्यांवर. गियान्यारच्या मैदानातली स्पर्धा होती. त्या दुपारी तिनं देनपसारहून आणलेलं ठोक्याचं यंत्र माझ्या शेजारी ठेवलं. वर इतर वाद्यांसारखा त्याच्यापुढेही फुलांचा नैवेद्य!

"टेक्नोत ठोका हलत नाही गं, टुकटुक. तुझा हलला तर बटण दाबणार. मग कायमचं तेच बसेल तुझ्या जागी."

"मग त्याला भातही भरव," मी म्हटलं. डोकंच सणकलं होतं माझं. ही जागा गेली तर मला दुसरं काय येत होतं?

सुरुवात झकास झाली. चार मिनिटांत मैदान उड्या मारायला लागलं. लोक रंगात आले की ढोल पळवायचा, ही देसाकची जन्माची सवय. तिनं पळवला. पट्ट्या वाजवणाऱ्या सगळ्या तिच्यामागे धावल्या. माझाही हात निघालाच होता, ढोलामागे जायचं एवढंच तर तो शिकला होता! मी डोळे गच्च मिटले. टुक. टुक. फडताळातली भांडी कोसळावीत तसा गोंधळ उडाला.

"अगं, हललीस ना!" देसाक ओरडली आणि तिचा हात बटणाकडे गेला.

"मी नाही हलले, तू हललीस!"

तिचा हात तिथेच थबकला. तिनं दोन-तीन ठोके ऐकले. आधी मोठे टोल माझ्याकडे परतले, मग पट्ट्या, आणि सगळ्यांत शेवटी मान खाली घालून ढोल. सगळ्याजणी एका ठोक्यावर आल्या तशी खालची मंचाची फळी दणाणली. नैवेद्य दाखवायला आलेले म्हातारे पुजारीबुवासुद्धा खांदे उडवत होते. मला इतका आनंद झाला की रडू आलं, पण ठोका हलू दिला नाही.

एरवी ढोलानं इशारा करायचा, मोठा टोल पडायचा आणि वादन संपायचं. इथे इशारा कोण करणार? बायका देसाककडे बघायला लागल्या. देसाक माझ्याकडे बघत होती. घामानं निथळत होती बिचारी.

"मेन कासिह, थांबायचं का गं?"

"थांबू की," मी म्हटलं. "जरा वेळानं."

आणि सगळ्यांना आणखी आठ मिनिटं पिदडलं.