हातावरचं पाणी

“कितीवर हाय आता?” गोठ्याच्या दारात उभं राहून आदर्शनं विचारलं.

प्रभुलिंगनं बोल्ट फिरवायची ॲलन की खिशात टाकली. “हुतं तेवढ्यावरच.”

“साठ पौंड? आन् डॉक्टर काय म्हणला?”

“डॉक्टर काय धनुष्य ओढतोय व्हय? चल, दिवस कलला.”

आदर्श हसला. शंका घेण्याचं त्याला काही कारण नव्हतं. धनुष्याचे बोल्ट प्रभुलिंगनं दुपारीच, गोठ्यात म्हशीशिवाय कुणी नसताना, जितके उलटे फिरतील तितके फिरवून ठेवले होते. साठाची ओढ चाळिसावर आली होती. त्याहून जास्त ओढायला गेलं की उजवा खांदा मध्येच अडायचा, दारात चप्पल अडकावी तसा. चाळीस पौंडांचा बाण सरावाच्या निशाणात व्यवस्थित उभा राहतो. पण रानडुकराची जाड कातडी आणि तिच्याखालची चरबी हे काही निशाण नव्हे, हे त्याला ठाऊक होतं. गावात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो तपासनीस होता. दिवसभर हातात माप तपासायचं गेज. गेज आत गेलं तर जॉब, म्हणजे ओतून आलेला भाग, पास; अडलं तर लाल पेटीत. ‘जवळपास बसतोय’ असा जॉब नसतो, हे तो नव्याने लागलेल्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचा.

कॉलेजात असताना तो धनुर्विद्येत राज्य पातळीपर्यंत खेळला होता. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, धनुष्य भिंतीला टांगलं गेलं. मग डोंगरातून डुकरं उतरायला लागली. आदर्शच्या वडिलांनी एक दिवस विचारलं, आणि त्याने ते पुन्हा उतरवलं. वनखात्याचा परवाना आदर्शच्या घरच्यांच्या नावे होता, तोही बंदुकीचा. बंदूकवाला पाव्हणा बोलावल्यावर आठवड्यानं यायचा, तोवर रान साफ झालेलं असायचं. बाणाचं कुणी विचारलं नव्हतं, यांनी सांगितलं नव्हतं.

अडचण घरात होती. लिंगायताचं घर, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं. पहिलं डुक्कर पडलं त्या संध्याकाळी त्याची आई अक्काताई त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. पुढचे कितीतरी दिवस बोलली नाही. मग एकदा भाकरी वाढताना, ताटाकडे बघतच म्हणाली, “लोकांची रानं खात्यात, ते दिसतंय मलाबी. मारायचंच असंल तर त्येला कळू देऊ नगंस.”

तेव्हापासूनची रीत. धनुष्य गोठ्यात राहायचं, घरात यायचं नाही. तो परत आला की अक्काताई परसातल्या दगडापाशी गरम पाण्याचा तांब्या घेऊन उभी असायची. गावलं असलं की एकच प्रश्न विचारायची, “लगेच गेलं न्हवं?” तो “व्हय अव्वा” म्हणायचा, मग ती त्याच्या दोन्ही हातांवर पाणी घालायची, आणि तो घरात जायचा. इतकी वर्षं त्याचं उत्तर खरं होतं. खांद्यामागे एक बाण, फुप्फुसांतून आरपार, जनावर चार उड्यांत आडवं. त्या उत्तरावरच तो हे करू शकत होता.

मग खांद्यातला स्नायू फाटला. कोल्हापुरात दुर्बिणीतून शिवला. हात गळ्यात बांधलेला असताना अक्काताईनं त्याच्या शर्टाची बटणं लावली, डोक्याला तेल घातलं, भाकरी कुस्करून दिली. व्यायाम शिकवणारी पूर्णिमा म्हणून मुलगी होती. गेल्या भेटीत तिने त्याचा हात वर नेऊन बघितला आणि म्हणाली, “काका, दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं नसतं. अजून चार महिने जोर लावायचा नाही. तुम्हाला एवढं काय उचलायचंय?”

“पाण्याची घागर,” प्रभुलिंग म्हणाला होता.

“मग घागर दुसऱ्याला उचलू द्या.”

पण गेल्या आठवड्यात आदर्शचा निम्मा भुईमूग एका रात्रीत नांगरल्यासारखा उकरला गेला. आदर्श दारात येऊन नुसता बसून राहिला. काही मागितलं नाही त्यानं. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

भुईमूग आणि ऊस यांच्यामधल्या बांधावर आंब्याच्या झाडात माळा बांधला होता. दोघे वर चढले. चढताना प्रभुलिंगनं डावा हात वापरला. आदर्शनं ते पाहिलं. वारा डोंगराकडून त्यांच्याकडे होता, वास जाण्याची भीती नव्हती. ऊन उसाच्या शेंड्यांवरून सरकत सरकत गेलं, आणि अजून पुरेसा उजेड असताना एक मादी ओढ्याच्या बाजूनं बाहेर आली. एकटीच. भुईमुगात तोंड घालून ती निवांत खायला लागली. शेंगा फुटल्याचा आवाज वर ऐकू येत होता.

प्रभुलिंगनं ओढायला सुरुवात केली. निम्म्यावर खांदा अडला. त्याने श्वास रोखला, सगळी पाठ लावली आणि तो अडथळा ओलांडून दोरी गालापर्यंत आणली. इथून पुढे चाकांच्या अशा धनुष्याची ओढ हलकी होते. नेम धरून उभं राहता येतं. पण त्याचं कोपर थरथरत होतं, आणि नेम मादीच्या खांद्यामागून पोटाकडे, पोटाकडून खांद्यामागे हिंडत होतं.

बाण न मारता दोरी हळूच परत सोडता येते. नवशिक्याला पहिल्यांदा तेच शिकवतात. त्यालाही ते आठवलं. शेजारी आदर्श श्वास धरून बसला होता. प्रभुलिंगनं बाण सोडला.

ओल्या पोत्यावर काठी पडावी तसा आवाज झाला. मादी ओरडली, गर्रकन वळली आणि उसात घुसली. बाणाची पांढरी पिसं तिच्या कुशीवर उभी होती. निम्म्याहून जास्त बाण बाहेरच होता.

“लागला की, अण्णा,” आदर्श म्हणाला.

प्रभुलिंगनं धनुष्य मांडीवर आडवं ठेवलं.

थोडा वेळ थांबून ते खाली उतरले. पाल्यावर रक्त होतं. आदर्शनं मोबाईलचा उजेड धरला. फुप्फुसातलं रक्त गुलाबी असतं, फेसाळ. हे काळपट होतं, घट्ट होतं, आणि त्याला आंबूस घाण येत होती. पोटाचं. प्रभुलिंगनं ते बोटांवर घेऊन चोळलं आणि बोटं पॅन्टला पुसली.

“जाऊया का आत?” त्याने विचारलं.

“उसात? आन् आता? येडा हायस काय. जखमी डुकरीण मांडी फाडंल की. सकाळी बघू.”

आदर्शचं बरोबर होतं. तरी इतक्या वर्षांत जखमी जनावर सोडून ते घरी गेले नव्हते. तशी वेळच आली नव्हती. प्रभुलिंगनं उसाच्या काळ्या भिंतीकडे पाहिलं. आत कुठेतरी पाचट मोडत होतं, थांबत होतं, पुन्हा मोडत होतं. “बरं,” तो म्हणाला. तो फारच लवकर कबूल झाला, हे त्याच्याच कानाला जाणवलं.

गल्लीच्या वळणावर बयाबाई दगडावर बसली होती. पदराखाली झाकणाचा डबा. शिकारीचे वाटे पडायचे तेव्हा मारणाऱ्याचा एक वाटा जास्त असायचा. प्रभुलिंग खात नाही, म्हणून पहिल्यापासून तो वाटा बयाबाईला जायचा. रोजंदारीवर जाणारी म्हातारी, मागेपुढे कुणी नाही. तो दवाखान्यात होता तेव्हा गल्लीत सगळ्यात जास्त चौकशी तिनं केली होती, आणि का करते हे तिने कधी लपवलंही नव्हतं.

“आलास? तुझा खांदा बरा हुस्तवर माझं ऱ्हायल्यालं दात बी पडत्यात का काय, असं झालंतं मला. गावलं का?”

प्रभुलिंगच्या तोंडून गेलं, “न्हाय मावशी.”

“लागलंच न्हाय?”

“न्हाय.”

“असू दे, असू दे.” ती गुडघ्यावर हात टेकत उठली. “पयलाच दिस हाय. हात बसंल हळूहळू. घाई करू नगंस.”

रिकामा डबा पदराखाली धरून ती गेली. प्रभुलिंगनं धनुष्य गोठ्यात टांगलं. परसात दिवा होता. अक्काताई दगडापाशी उभी होती, हातात तांब्या, त्यातून वाफ निघत होती. इतक्या महिन्यांनी उभी राहत होती ती. पदर नीट खोचलेला होता.

“गावलं?”

“व्हय.”

“लगेच गेलं न्हवं?”

बयाबाईला सांगितलं तेच हिला का सांगितलं नाही, याचा विचार त्याने पुढे पुष्कळ केला. काही लागलं नाही म्हटलं असतं तर तिने तांब्या खाली ठेवला असता, एवढंच. पण पॅन्टला पुसूनही बोटांना वास येत होता, आणि त्याला ते पाणी हवं होतं.

“व्हय अव्वा,” तो म्हणाला.

तिने पाणी घातलं. सावकाश, मनगटापासून बोटांपर्यंत. मग रात्री जेवण झाल्यावर, रोजच्यासारखं, तीळतेल कोमट करून त्याच्या खांद्याला लावलं. “आज लई गरम लागतोय,” ती म्हणाली. “जास्त ओढलास काय रं?”

“न्हाय.”

पहाटे त्याने कंपनीत फोन करून सुट्टी सांगितली. उजाडताच आदर्शला हाक मारली. दवाने ऊस ओला होता. सरीतून वाकून जाताना पाती मानेला कापत होती. माग काढायला फार हुशारी लागली नाही. थोड्या अंतरावर पाचट दाबलं गेलं होतं, ओलं काळं. तिथे ती बसली होती. मग उठली होती. पुढे पुन्हा बसली होती, तिथली माती खुरांनी उकरलेली होती. एका जागी उसाच्या बुंध्यावर बाण घासून मोडला होता. मागचा तुकडा पिसांसकट तिथे पडला होता. प्रभुलिंगनं तो उचलला. प्रत्येक बसण्याच्या जागेपाशी तो थांबत होता, आणि पुढची जागा दिसू नये असं त्याला वाटत होतं. ती दिसत होती.

“चल की अण्णा,” आदर्श मागून म्हणाला. मग तोही त्या जागांपाशी थांबू लागला.

ओढ्याच्या काठाला, पाण्यापासून हातभर अलीकडे ती पडली होती. पाण्यापर्यंत पोचली नव्हती. प्रभुलिंग खाली बसला आणि तिच्या कुशीवर तळवा ठेवला. पाठीवरच्या केसांवर दव नव्हतं. अंग गरम होतं. झोपून उठल्यासारखं गरम.

“आत्ताच गेली व्हय?” आदर्शनं विचारलं.

प्रभुलिंगनं होकाराची मान हलवली.

“पोटात फुटलंय. खायच्या कामाचं न्हाय आता.” आदर्शनं टोपी काढून पुन्हा घातली. “अण्णा, खरं सांग. साठावर न्हवतं न्हवं?”

“चाळीस.”

आदर्शनं तोंड ओढ्याकडे केलं. “सांगायचं हुतंस की,” तो म्हणाला. “भुईमूग गेला असता. दुसरं काय झालं असतं?”

त्यानं खोरं आणलं. खड्डा त्यानेच काढला. प्रभुलिंगनं खोरं घेऊ पाहिलं, तर म्हणाला, “खांदा सांभाळ,” आणि ते म्हणताना त्याच्याकडे बघितलं नाही.

प्रभुलिंग घरी आला तेव्हा ऊन परसात उतरलं होतं. बंबात पाणी तापलेलं होतं. अक्काताई दगडाशेजारी ताकाचं गाडगं धूत होती. त्याच्या पॅन्टला गुडघ्यापर्यंत चिखल होता, हातांना माती.

“बयाबाई आलती ताकाला,” ती म्हणाली. गाडगं उपडं ठेवलं. “म्हणली, प्रभूला काल कायच लागलं न्हाय. बिचारा लई खट्टू झालता.”

प्रभुलिंग उभा राहिला.

“मी म्हणलं, न्हाय बाई, गावलंय की. मी पाणी घाटलंय हातावर.”

तिचा आवाज चढलेला नव्हता. तिने बंबातून तांब्या भरून घेतला, नेहमीसारखा, आणि दगडापाशी येऊन उभी राहिली. तिने प्रश्न विचारला नाही. प्रश्न येईल म्हणून प्रभुलिंग थांबला होता.

“लागलं हुतं, अव्वा,” तो म्हणाला. “लगेच न्हाय गेली. रातभर हुती. मी पोचलो तवा गरम हुती.”

तांब्यातली वाफ दोघांच्या मध्ये वर जात होती. अक्काताईनं त्याच्या हातांकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे.

“म्हंजे मी पाणी घाटलं, तवा ती जिती हुती,” ती म्हणाली.

“व्हय.”

तिने तांब्या दगडाच्या कडेला ठेवला. त्याच्या डाव्या हाताला येईल असा. मग पदराला हात पुसत ती आत गेली. आतून देवघरातल्या घंटीचा आवाज यायची वेळ होती. तो आला नाही.

प्रभुलिंग दगडापाशी बसला. उजव्या हाताने तांब्या उचलायला गेला, पण खांदा निम्म्यावर अडला. म्हणून त्याने तो डाव्या हातात घेतला, आणि उजव्या हातावर पाणी घातलं. माती गेली. मग तांब्या ठेवला, आणि डाव्या हाताचं काय करायचं ते न कळून, तो तसाच मातीनं भरलेला हात गुडघ्यावर पालथा घालून बसून राहिला. पाणी निवत गेलं.