मुकुल आगाशे यांचा बोकड

सकाळी साडेनऊला माण तालुक्यातल्या शेळ्यांच्या बाजारात मुकुल आगाशे यांनी एक बोकड विकत घेतला. त्यांना तो नको होता.

ही १९९४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आगाशे सांगलीच्या एका वाचा-उपचार केंद्रात तोतरेपणावर संशोधन करत. प्रबंधासाठी तोतऱ्या माणसाचं वीस मिनिटांचं बोलणं टेप करून आण, नाहीतर विषय बाद, असं मार्गदर्शक पद्मा मॅडमनी बजावलं होतं.

बाजारातले दलाल जोतीराम काळेल दर शब्दाला अडखळत. धंद्यात मात्र त्यांना बोलावं लागत नसे. टॉवेलाखाली हात घालायचा, बोटं धरून भाव सांगायचा; पटला की समोरच्यानं हात दाबायचा. आगाशेंनी त्यांच्यासमोर टेपरेकॉर्डर सुरू करताच त्यांनी तोंड मिटलं आणि आगाशेंना खुणेनं टॉवेलाखाली बोलावलं. रुग्णाला धीर द्यायला हात हलकेच दाबावा, असं आगाशे शिकले होते. त्यांनी दाबला.

जोतीरामांनी बोकडाचं दावं त्यांच्या हातात दिलं.

आगाशे म्हणाले, चूक झाली, बोकड नको. जोतीराम भडकले.

"सायेब, त्वांडाचा शब्द फिरतुया, हाताचा न्हाई. बोकाड तुमचं झालं."

इथून सुरुवात करून त्यांनी वडिलांनी पाळलेले सौदे, बोकडाचं घराणं आणि सांगलीच्या शिकलेल्या लोकांची लायकी एकदाही न अडखळता सांगितली. चहावाल्या साळूबाईंनी स्टोव्ह बारीक केला.

"आगं बया, ह्यो बोलतुया की!"

कॅसेटची बाजू संपली, जोतीराम संपले नाहीत. शेवटी आगाशेंनी खिसा रिकामा केला आणि बोकडासह एस.टी.नं सांगली गाठली.

दुसऱ्या दिवशी पद्मा मॅडमनी कॅसेट ऐकली.

"माणूस निवडणुकीला उभा राहील. तोतरेपणा कुठंय?"

आगाशे खुलासा करू लागले. बाहेर पेरूच्या झाडाला बांधलेला बोकड 'शांतता राखा' ही पुठ्ठ्याची पाटी खात होता.

"मॅ... मॅडम, मी हा... हात... बो... बो..."

मॅडमनी चष्मा लावला, कोरी कॅसेट घातली. "सावकाश. पहिल्यापासून सांग. वीस मिनिटं." आणि धीर द्यायला त्यांचा हात हलकेच दाबला.

बाजाराच्या रिवाजानं बोकड आता मॅडमचा झाला, असं आगाशेंचं म्हणणं आहे. मॅडमना ते मान्य नाही. प्रबंधात कुणाचं बोलणं घ्यायचं, तेही ठरलेलं नाही. शेवटची बातमी आली तेव्हा बोकड पेरूलाच बांधलेला होता आणि खालच्या फांद्यांवर पान उरलं नव्हतं.