कौसल्येच्या खांद्यावर

कल्याणच्या राममंदिरासाठी त्र्यंबक चितारी कौसल्येचं चित्र काढणार होता. पण गावातली एक आई त्याच्यापुढे बाळ घेऊन बसेल तर शपथ. चित्र काढलं की लेकराचं आयुष्य उतरतं, ही धास्ती. शेवटी शेजारच्या ठमाबाई म्हणाल्या, "मी बसते. माझं काय उतरायचं राहिलंय?"

नवरा आणि तान्हा मुलगा एकाच पटकीत गेले, तेव्हापासून त्या लाल आलवणात एकट्या.

"पण माझ्या कपाळाचं काय करशील रे?"

"कुंकू माझ्या रंगातलं, काकू. तुम्ही फक्त चेहरा नि हात द्या."

त्यानं बाळ म्हणून उशी दिली. ठमाबाईंनी ती डाव्या खांद्यावर घेतली, वर थोपटलीही.

"बाळाचं तोंड कसं काढू?"

त्या आठवू लागल्या. नाक नाही, डोळे नाहीत. पार पुसून गेलेलं. "ओझं तेवढं आठवतं रे. मानेत तोंड खुपसून निजायचा."

त्र्यंबकानं तसंच काढलं. मऊ पाठ, कुरळं जावळ, तोंड आईच्या मानेत. मग ठमाबाई रोज काही ना काही निमित्त काढून यायच्या आणि चित्रापुढे बसून राहायच्या.

रामनवमी तोंडावर आली तसे देवळाचे पंच पाहायला आले.

"अहो चितारी, रामरायाची पाठ? दर्शन काय कुल्ल्यांचं घ्यायचं?"

सगळे खो खो हसले. तोंड फिरवा, नाहीतर चित्र ठेवून घ्या, असं बजावून गेले.

"काकू, तुम्ही म्हणाल तर नाही फिरवत. तुमच्याच घरी लावू," त्र्यंबक म्हणाला.

ठमाबाईंनी चित्राकडे पोटभर पाहून घेतलं.

"फिरव बाबा. राम सगळ्यांचा. मी एकटीनं किती दिवस धरून ठेवू?"

नवमीला भर दुपारी कीर्तनात रामजन्म झाला. गुलाल उधळला, सुंठवडा वाटला. सवाष्णींनी चित्रातल्या कौसल्येला कुंकू लावलं. तो चेहरा कुणाचा, हे एकीलाही ओळखू आलं नाही. राम लोकांकडे बघून हसत होता. गोजिरा, आणि अगदी परका.

बुवांनी पाळणा म्हणायला घेतला. बायका दोरीला झोंबल्या. मागे खांबाआड ठमाबाईंनी डोळे मिटले, मान किंचित डावीकडे कलती केली, आणि झांजांच्या ठेक्यावर त्या आपला रिकामा खांदा हलके हलके थोपटू लागल्या.