नानांच्या छातीतली टकटक

मी एक जुनी तार आहे, मित्रांनो. जाडीला गोधडी शिवायच्या सुईएवढी, लांबीला तुमच्या बोटाएवढी. तुम्ही मला पाहिलेलं नाही आणि बहुधा पाहणारही नाही, कारण मी एका जिवंत माणसाच्या छातीत राहते. आत्ता बोलते आहे तीही तिथूनच. इथे उजेड नाही. पाठीमागे काळीज हलत असतं, आणि बाहेरचे आवाज हाडातून माझ्यापर्यंत येतात.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाची सळई बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढत ओढत मला घडवलं. न गंजणारी म्हणून माझं कौतुक झालं. मग मी पाकिटात बंद झाले, ते पाकीट उघडलं पुण्याच्या एका रुग्णालयात. टेबलावर हिर्डोशी गावचे नाना होते. त्यांच्या काळजाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या तुंबल्या होत्या. डॉक्टरांनी पायातली शीर काढून रक्ताला नवी वाट करून दिली होती. त्यासाठी छातीचं मधलं हाड उभं कापलं होतं. ते जुळवून धरायचं काम आम्हा सहा तारांचं. आम्हाला हाडाभोवती गुंडाळलं, पीळ दिला, टोकं आत वाकवली. वरून कातडी शिवली गेली आणि अंधार झाला.

हाड सांधेपर्यंत हलू द्यायचं नाही, एवढंच आमचं काम. नाना घरी आले आणि भेटायला माणसं येऊ लागली. आजाऱ्याला भेटायला जायचं, ही गावाची माया. पण प्रत्येकाला जखम पाहायची असे.

"दावा की नाना, कुठं फाडलं?" शेजारच्या गेनूचा आवाज.

"हितनं पार हितवर." नाना बटणं सोडत.

"हात लावू का?"

"लाव की. तुजा हात काय काट्याचा हाय व्हय?"

मग वरून हात यायचा. मला तो दिसत नसे, फक्त दाब कळे. एक उठला की दुसरा. काही हात गार होते, काहींना नुकत्याच खणलेल्या मातीचा खरखरीतपणा होता. अंधारात बसून वरचे हात ओळखायचे, ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही.

आणि मग कधीतरी ते आले. कुणाच्या हाताबरोबर आले, की नानांच्याच कातडीवर आधीपासून होते, हे मला सांगता येणार नाही. नानांच्या रक्तात साखर वाढलेली होती, जखमेचं एक टोक मिटलं नव्हतं. त्यांना तेवढी फट पुरली. ते जंतू इतके लहान होते की त्यांचं वजन लागत नव्हतं. मला फक्त स्पर्श बदललेला जाणवला. माझ्या अंगावर बुळबुळीत थर चढत होता, पहाटे पानावर दहिवर धरतं तसा, आवाज न करता. त्या थराखाली ते वाढत राहिले. माझ्या खालच्या बहिणींभोवतीचं हाड मऊ पडू लागलं. तारा त्यात रुतल्या. कापलेले दोन भाग एकमेकांवर घासले आणि आवाज झाला.

टक्.



"हे काय वाजलं?" गेनूने विचारलं.

पुन्हा टक्. धनाजी नावाचा एक जण हसला. "मशीन हाय ते. माज्या मेव्हण्याच्या छातीत झडप बसवलीया, तिचं बी असंच वाजतं. घड्याळावानी."

"म्हंजी नानांचं बेस चाललंय म्हणायचं."

नानांनाही ते पटलं. झडप त्यांना बसवलेलीच नव्हती, पण आत काय केलंय ते नीट कुणाला ठाऊक होतं? माणसं यायची, गप्प बसून कान द्यायची. टक् झालं की समाधानाने मान डोलवत असावीत. कारण मग लगेच चहा मागितला जाई. मित्रांनो, आमची पकड सुटत होती आणि वर आमचं कौतुक चाललं होतं.

एका दुपारी वरंध्या घाटाकडून धुकं उतरलं आणि कुणीच आलं नाही. नानांच्या पत्नी सरूबाई जवळ बसल्या.

"ही बंडी वली कशानं झाली?"

"घाम हाय."

"गारठ्यात घाम? हात द्या हिकडं."

"आता ह्या वयात?"

"द्या म्हणते न्हवं."

त्यांनी मनगटावर बोटं ठेवली असावीत.  काळीज ठोके देत होतं, पण टक् वाजत नव्हतं. मग नाना खोकले. टक्. ते हात टेकून उठायला गेले. टक्.

"घड्याळ खोकल्यावर चालतं व्हय ओ?" सरूबाई हळूच म्हणाल्या.

नानांचं काळीज माझ्या मागे जोरात धावू लागलं. म्हणजे त्यांनाही कळलं होतं, कदाचित आधीपासूनच.

"परत फाडत्याल, सरू."

"फाडू द्या. मला घड्याळ नगं, मानूस पायजे."

मुलगा नागसेनने भोरहून जीप बोलावली. पुण्याच्या वाटेत नानांना हुडहुडी भरली. प्रत्येक खड्ड्यात आम्ही वाजलो.

दुसऱ्यांदा उजेड पाहिला तेव्हा माझ्या चार बहिणी स्टीलच्या वाटीत पडल्या होत्या, पिवळट थर पांघरून. कुजलेलं हाड खरवडलं. जखम उघडी ठेवून तिच्यात स्पंज बसवला. एक यंत्र त्यातून घाण ओढत दिवसरात्र गुरगुरे. औषधं शिरेतून येत राहिली. शेवटी छातीचा स्नायू वळवून पोकळीवर पांघरला. वरचं हाड घट्ट होतं, म्हणून मला आणि माझ्या शेजारणीला तिथेच राहू दिलं.

नाना वाचले. गेनू पुन्हा आला.

"तितंच थांबा, गेनूभाऊ." सरूबाईंचा आवाज.

"रागावलाय व्हय, वैनी?"

"साबण भाईर ठेवलाय. हात धुवा, बसा, च्या घ्या. छातीला मातुर हात न्हाई."

मित्रांनो, आजाऱ्याला भेटायला जरूर जा, पण जखमेपासून हात लांब ठेवा. जखम ओली दिसली, ताप आला, छातीत काही हललं, तर अर्थ लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. हाड आता शांत आहे. पण माझ्या पिळाच्या आतल्या बाजूला, जिथे औषधाचा थेंबही पोचला नसेल, तिथे त्यांच्यातलं कुणी उरलं आहे का, मला सांगता येत नाही. ते पहिल्यांदा आले तेव्हाही इतकीच शांतता होती.