उतारावर लावलेला ट्रक

कालव्याच्या उतारावर उसाने भरलेला ट्रक एक. त्याच्या पुढच्या चाकांना अडवणारे दगड दोन. खाली ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, सहा, माणसं एकवीस, त्यांतली सात लहान. उतार संपतो तिथे रस्ता डावीकडे कारखान्याकडे वळतो. न वळता सरळ गेलं तर पहिली कोपी ठमाबाईंची.

ट्रक माझ्या चुलत्यांचा, हिंदुराव तात्यांचा. थंडीत सकाळी तो स्टार्टरवर चालू होत नसे. म्हणून ड्रायव्हर बादशाहभाई संध्याकाळी तो उतारावर लावायचे: गिअरमध्ये, हँडब्रेक ओढून, पुढे दगड. सकाळी दगड काढले की ट्रक घरंगळायचा, क्लच सोडला की इंजिन पकडायचं. आमच्याकडे इंदापूरच्या बाजूला जुन्या गाड्या अशाच लावतात, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मलाही वाटलं नव्हतं. पण एका सकाळी दगडामागच्या मातीत नवा चर दिसला. त्या संध्याकाळी दगडाच्या पुढच्या कडेशी चुन्याची रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी दगड रेघेच्या दोन सेंटिमीटर पुढे होता.

कारण अवघड नव्हतं. गिअरमध्ये उभ्या गाडीला इंजिनात दाबली गेलेली हवा धरून ठेवते. झिजलेल्या इंजिनातून ती हळूहळू निसटते आणि सगळा भार ढिल्या हँडब्रेकवर आणि दगडांवर येतो.

मी ठमाबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या.

"सरकतुया म्हंजे? त्यो रोजच सरकतुया," त्या म्हणाल्या. "ही छकुली काय म्हनती ठावं हाय का? आज्जे, ट्रक आपल्याकडं बघतुया."

चुलीपाशी बसलेली नात हसली नाही.

"कोपी जरा बाजूला घ्या ना."

"कुठं घिऊ? पल्याड चिखल, अल्याड मुकादमाची बैलं. तुमीच तुमचं धूड हलवा की!"

तात्या ओसरीवर चहा पीत होते. ट्रक सपाटीला लावा, म्हटलं. "सपाटीला लावली आन् सकाळी चालू न्हाय झाली तर? कारखान्यातला नंबर गेला. वाळलेल्या उसाचं वजन तू भरून देतीस व्हय, श्रेया?"

"आणि चालू झाली तर?"

"झाली तर सपाटीला लावू. शब्द हाय माझा."

बादशाहभाईंनी ट्रकचा रोग आधीच ठरवला होता: डिझेलचा पंप गेला. "सकाळी हातपंप मारून मारून खांदा निखळतो. डिझेल टाकीत उतरून जातं."

"मग नळीत हवा शिरत असेल."

"हवा? सगळे जोड तपासलेत मी. एक थेंब गळत न्हाय. जिथं ओलं दिसलं तिथं दोरा गुंडाळून साबण लावलाय."

"टाकीकडून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, ढकललं जात नाही. तिथे भोक असेल तर चालत्या गाडीत थेंब बाहेर येत नाही, हवा आत जाते."

त्यांनी नळीवरचा साबण नखाने खरवडला. "आयला. मग मी इतकी वर्षं ओलंच शोधत बसलो."

गवंड्याची पाणसळीची पारदर्शक नळी आणली आणि तिचा तुकडा पंपाच्या आधी जोडला. इंजिन चालू केलं. डिझेलमधून बुडबुड्यांची माळ चालली होती. आम्ही एकेक जोड ओल्या फडक्याने झाकत गेलो. टाकीजवळच्या, दोरा आणि साबण लावलेल्या जोडावर फडकं दाबलं आणि माळ थांबली. आतलं तांब्याचं वॉशर चिरलेलं होतं. बादशाहभाईंनी नवं बसवलं, नळीचं फाटकं टोक कापलं.

दुसऱ्या सकाळी ट्रक उतारावरच, दगड न काढता, पहिल्या स्टार्टरला चालू झाला. बादशाहभाईंनी उगाचच हॉर्न वाजवला. खाली छकुली आजीच्या पाठीमागे गेली.

"तात्या, आता सपाटीला."

"लावू की. आणखी चार दिवस बघू. एकदा चालू झाली म्हंजे बरी झाली व्हय?"

"शब्द दिला होता तुम्ही."

"मग मोडलाय का? चार दिवस म्हनलं." बादशाहभाईंकडे वळून ते हसले. "पोरगी कोर्टात वकील व्हायची, चुकून सायन्सला गेली."

बादशाहभाई हसले नाहीत. पण संध्याकाळी त्यांनीही ट्रक उतारावरच लावला. "मालक तेच म्हणतील, ताई. आन् हात सवयीनं तिकडंच वळतो."

त्याच दुपारी कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं होतं. अंधार पडेपर्यंत भरावाला पाझर फुटला आणि दगडांखालची माती काळी झाली. मी तात्यांना बोलावून दाखवली. त्यांनी चपलेच्या टाचेने दाबून पाहिली, टाच रुतली. "आणखी एक दगड लावा," म्हणाले आणि घरी गेले.

तिसरा दगड लावला. तिन्ही दगडांच्या पुढच्या कडेशी चुन्याची रेघ ओढली. खाली ठमाबाईंच्या कोपीत दिवा होता.

सकाळी ट्रक पहिल्या स्टार्टरला चालू झाला आणि कारखान्याकडे गेला. ओल्या मातीत तीन चर उरले होते. रेघेपासून सगळ्यात लांब चराच्या टोकापर्यंत टेप लावली.

एकोणीस सेंटिमीटर.