प्लॉटातली येळवस

"मावशी, ही झोपडी काढा. पार्कची जागा आहे ही," अनिलकुमार मास्तर आपल्या घराच्या फाटकातूनच म्हणाला.

मी कडब्याची पेंढी आवळत होते. मान वर केली नाही. "झोपडी न्हाई, कोप हाय. डोळे धुऊन ये."

"आज कडबा, उद्या पत्रे. असंच लोक जागा धरायलेत. मी लेआउटचा सेक्रेटरी आहे. नगरपालिकेला फोन करायलोय."

"कर की. येळवसेला ऑफिसात कोण घावलं तर मलाबी सांग."

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, बीदर रिकामं होतं. ज्याला शेत तो आपल्या शेतात, नसेल तो दुसऱ्याच्या. कडब्याच्या कोपेत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पालेभाज्या-दाण्यांची भज्जी अन् बाजरीचे उंडे खायचे, मग आंबील शिंपत सगळा बांध फिरायचा. जनवाडा रोडचं हे लेआउट म्हणजे आमची सव्वाचार एकर. मालक गेले, पोरांनी प्लॉट पाडले आणि पुणे गाठलं. कागदावर सही मीच केली, नाही कशाला म्हणू? पण येळवस चुकवली नाही. चार वर्षं मोकळ्या प्लॉटांतून फिरले. औंदा भिंती उठल्या, आणि हा हैदराबादेत वाढलेला मास्तर राहायला आला.

त्याची बायको श्रीदेवी मात्र इकडच्याच संतपूरची. पदराला हात पुशीत पळत आली.

"अवो, कोप हाय ती. फोन ठेवा खाली. अव्वा, भज्जी केलाव? औंदा माझं माहेराला जायचं ऱ्हायलं."

"बस. त्यालाबी बसव. उपाशी माणूसच लई कायदा बोलतंय."

मास्तर अवघडून बसला. तीन वाट्या आंबील प्याला, मिशी पुसली. म्हणाला, "आता काढायची ना?"

"आधी बांध फिरायचाय."

"बांध कुठे राहिलाय?"

"तुझ्या घरातनं गेलाय."

तो हळूच म्हणाला, "जमीन तर विकलीत तुम्ही."

विकली ते खरं. एक कोपरा जरी कोरडा राहिला तरी फेरा पुरा होत नाही, एवढं मला ठाऊक. श्रीदेवीनं आंबिलीचं मडकं उचललं.

आम्ही निघालो. अमृतप्पानं दुकानापुढची पोती सरकवली. चन्नव्वानं फाटक उघडलं, शिवाय कुत्रं बांधलं. कुणी स्कूटर हलवली. दोन जागी गटार ओलांडताना माझं लुगडं भिजलं, ते सोडा.

शेवटचा कोपरा मास्तरच्या हॉलात. पांढरी, नवी फरशी. मी उंबऱ्यालाच थांबले.

"दारातनंच शिंपते," मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

मास्तर आत गेला. कोपऱ्यात टीव्ही होता, वर विणलेलं झाकण. त्यानं वायर काढली, स्टँडला दोन्ही हात लावून तो सगळा बाजूला ढकलला आणि मोकळ्या फरशीवर बोट ठेवलं.

"इथंच ना, अव्वा?"

मी आत गेले, बघितलं.

"अजून एक वीत," मी म्हणाले.